बायकांचा जिना

नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं होतं. मिठाची बरणी, चष्म्याचं घर, दोन वाट्या. आई पोळ्यांचा डबा घेऊन आली. डबा कुठं ठेवावा म्हणून जागा बघता बघता ती नकाशावरच वाकली.

"साताऱ्याचं वाचनालय ना हे?"

"हो."

"मागचा जिना कुठं गेला?"

आईला असले नकाशे वाचता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं. "इथं होता. इथं आता लिफ्ट येणार."

"तो बायकांचा जिना आहे."

"माहितेय गं. कित्येक वर्षं बंद आहे. सडलाय."

तिने डबा परत ओट्यावर नेऊन ठेवला, मला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली. दुपारभर तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी आर्किटेक्ट आहे. सांगलीत माझं छोटं ऑफिस आहे आणि गेली काही वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं मी करते. साताऱ्याचं ते वाचनालय शंभरी ओलांडलेलं. खाली काळा दगड, वर सागवानी माडी, कौलारू छप्पर. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत ओली व्हायची, वाळवीने तुळयांची टोकं खाल्ली होती, आणि माडीवरच्या पुस्तकांच्या ओझ्याने मधली तुळई नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी वाकली होती. मंडळाला इमारत टिकवायची होती आणि नवीही करायची होती. मुलांना स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका, संगणक, बायकांसाठी नीट स्वच्छतागृह, आणि म्हाताऱ्या वाचकांसाठी लिफ्ट. लिफ्टला जागा एकच होती. समोरची बाजू हलवता येत नव्हती, आत दिवाणखान्यात खड्डा घेतला असता तर सगळी माडीच तोडावी लागली असती. मागच्या गल्लीतला जिना तेवढा राहिला.

तो जिना खरोखरच बायकांचा होता. बांधणाऱ्यांनी बायकांना पुढच्या दारातून यायला लागू नये म्हणून गल्लीत वेगळं दार ठेवलं होतं. तिथून अंगाला अंग लागेल असा अरुंद जिना वर महिला विभागात जायचा. सतरा पायऱ्या, मधे एक वळण, वळणावर पणती ठेवण्याएवढा कोनाडा. पुढं बायका समोरूनच येऊ लागल्या आणि गल्लीतल्या दाराला कुलूप लागलं. मी पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा कुलपावर हातोडी मारावी लागली. आत काहीच ठेवलेलं नव्हतं. साधारणपणे अशा जागेत लोक मोडक्या खुर्च्या, जुनी वर्तमानपत्रं कोंबतात. इथं नुसती धूळ होती, पायऱ्या होत्या.

माझं लहानपण साताऱ्यातच गेलं. वडील सरकारी नोकरीत होते, मी दहा वर्षांची झाले आणि त्यांची सांगलीला बदली झाली. त्या वाचनालयात मी आईबरोबर जात असे. पण मला आठवतं ते समोरचं दार, देवघेवीचं काउंटर आणि त्यावरची पितळी घंटी. हा जिना कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

आधी पुस्तकं हलवली. जवळच्या एका शाळेचं बंद सभागृह मिळालं होतं, तिथं गठ्ठे बांधून, प्रत्येक गठ्ठ्यावर कपाटाचा क्रमांक लिहून नेले. ग्रंथपाल बाई माझ्याच वयाच्या, कामाला चोख. त्या स्वतः डोक्याला रुमाल बांधून उभ्या राहिल्या. माडी रिकामी झाली आणि तिसऱ्या दिवशी आवाज सुरू झाले.

दुपारी दोनच्या सुमारास सुरू व्हायचे. टक्. मग थोड्या वेळाने दुसरीकडे, टक्. कधी लागोपाठ चार-पाच, कुणीतरी अनवाणी टाचेवर जोर देऊन चालावं तसे. गिलावा काढायला आलेल्या बायकांनी माडीवर जायचं सोडलं. "वर बाई चालतीया," त्यातली एक मला म्हणाली. पुरुष का नाही, बाईच का, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "चाल वळखू येती की."

आमचा सुतार रहिमतपूरचा, सत्तरीचा माणूस. त्याने सगळ्यांना गोळा करून समजावलं. "आवं, लाकूड हाय ते. शंभर वर्सं वझं घेऊन वाकलेलं. आता वझं उतरलं, तर अंग मोकळं करतंय. तुमी न्हाई का भारा टाकल्यावर कंबर सरळ करत?"

मी वाकलेल्या तुळईखाली दोरी बांधून ठेवली होती. पंधरवड्यात तुळई दोरीपासून बोटभर वर गेली. सुताराचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते फोटोसकट मंडळाला दाखवलं.

पण एके दुपारी मी गल्लीतल्या दारापाशी मोजमाप घेत एकटी उभी होते. वरून पायऱ्या वाजल्या. वळणाच्या वरच्या, मला न दिसणाऱ्या. एक, दोन, तीन, आणि मग थांबल्या. कुणीतरी वळणाशी येऊन खाली कोण आहे ते बघायला थांबावं तशा. मी वर जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. मी सुताराला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ रंधा पुसत बसला.

"जिन्यावर पुस्तकं हुती का कवा?"

"नाही."

"मग त्याला कसलं वझं," तो म्हणाला आणि कामाला लागला.

हे मी घरी सांगितलं नव्हतं. तरी एका रविवारी आई आपणहून म्हणाली, "मला एकदा साताऱ्याला घेऊन चल. पाडायच्या आधी."

सातारा सोडल्यापासून ती तिथं एकदाही गेली नव्हती. लग्नं झाली, मुंजी झाल्या, नातेवाइकांत मयतं झाली; प्रत्येक वेळी वडील एकटे गेले. तिला प्रवास सोसत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. वडील जाऊनही सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी ती गाडीत पुढे बसली, कऱ्हाडला चहाला उतरली नाही आणि साताऱ्यात शिरल्यावर मला म्हणाली, "पुढून नको. गल्लीतून घे."

गल्लीची वाट तिनेच दाखवली. मधली घरं पडून तिथं चार मजले उठले होते, तरी ती चुकली नाही. गल्लीतलं दार उघडं होतं. आत सुतार तुळयांच्या टोकांना वाळवीचं औषध लावत होता. रॉकेलमध्ये कालवून, मोठ्या ब्रशने. सगळ्या जिन्यात तो वास कोंडला होता, डोळ्यांना झोंबत होता.

आईने आत पाऊल टाकलं आणि भिंतीला हात लावला. मग तिसऱ्या पायरीवर बसली. मला वाटलं, चक्कर आली.

"रॉकेल कुणी ओतलं?"

"ओतलं नाही गं. वाळवीचं औषध आहे."

"दार उघड."

"उघडंच आहे, आई."

सुताराने काय ते ओळखलं. डबा, ब्रश उचलून तो बाहेर गेला आणि कुणाकडून तरी पाण्याचा तांब्या पाठवला. आई पाणी प्यायली नाही. तांब्या मांडीवर धरून बसली आणि तिथंच, त्या वासात, सांगायला लागली. मी खालच्या पायरीवर बसले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, वळणाकडे बघत होती.

"मंगळवार आणि शुक्रवार. दोन ते चार बायकांची वेळ. मी तुला शेजारी ठेवून यायचे. ती दळणाचा डबा घेऊन यायची."

"ती कोण?"

"माझी मैत्रीण."

ती औंधच्या बाजूच्या एका खेड्यातली, सातवी झालेली, इथं दोन गल्ल्या सोडून दिलेली. घरी तिला वाचू देत नसत. सासूला पुस्तक दिसलं की चुलीत. म्हणून गिरणीत दळण टाकायचं, ते होईपर्यंतचा वेळ इथं काढायचा. तिचं नाव सभासदांत नव्हतं. आईच्याच कार्डावर दोघी वाचायच्या. वर महिला विभागात इतर बायका असत, त्यांच्यातली कुणी घरी सांगेल या भीतीने ती वर जात नसे. जिन्यावरच बसे. आई वरून पुस्तक घेऊन यायची आणि दोघी या पायऱ्यांवर बसून वाचायच्या. एक पान हिने, एक तिने. तिला जोडाक्षरं अडायची. अडली की स्वतःवरच हसायची, तोंडाला पदर लावून.

"दोघींचं जमलं नाही तर?"

"तो कोनाडा आहे ना. त्यात पुस्तक ठेवायचं. ज्या पानापर्यंत वाचलं त्यात सुतळी. आणि काही सांगायचं असेल तर मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने. वाचलं की खोडायचं."

"मग?"

"मग ती गेली. स्टोव्ह भडकला म्हणाले." आईने तांब्या खाली ठेवला. "तेव्हा असे फार स्टोव्ह भडकायचे."

 उठताना तिने विचारलं, "चार हजार एकशे सत्तावीस. अजून असेल का इथं?"

मला आधी कळलंच नाही. तो पुस्तकाचा दाखल क्रमांक होता. चाळीसेक वर्षांनंतर तो तिला दूरध्वनी क्रमांकासारखा पाठ होता.

आईला मी सांगलीला पोचवलं आणि दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात गेले. ग्रंथपाल बाईंनी नोंदवही काढली. ते पुस्तक बाद करायच्या ढिगात होतं. पाठ सुटलेली, कव्हर नाही, वर तपकिरी कागद. हातात घेतलं आणि मी ते ओळखलं. आमच्या साताऱ्याच्या घरी, आईच्या कपाटात साड्यांच्या खाली ते कायम असायचं. ते आमचंच आहे असं मला लहानपणी वाटत असे. आतली गोष्ट एका डॉक्टरीणबाईची होती, जहाजावरून दूरच्या बेटावर जाणाऱ्या. लेखकाचं नाव असलेलं पानच गेलं होतं.

मागच्या पुठ्ठ्यावर देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी होती. एकीवर एक अशा कितीतरी चिकटवलेल्या. तारखेचा शिक्का आणि शेजारी शाईने सभासद क्रमांक. सुरुवातीला निरनिराळे क्रमांक होते. मग तीनशे बारा. पुन्हा तीनशे बारा. चिठ्ठी भरली, दुसरी चिकटवली, तिच्यावरही तीनशे बारा. दर पंधरा दिवसांनी परत करायचं आणि त्याच दिवशी पुन्हा न्यायचं. सहा वर्षं. मग एकदम कोरं. त्यानंतर ते पुस्तक कुणी नेलंच नव्हतं.

"कोण हो हे तीनशे बारा?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "एवढं काय होतं यात?"

"माझी आई," मी म्हटलं.

मागच्या पानावरच्या निरोपांचंही मी सांगितलं, तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन शेवटचं कोरं पान उघडलं. त्या पानाची मधली जागा रबराने घासून खरखरीत झाली होती. एका कोपऱ्यात तर कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचं बोट दिसावं. बाईंनी खिडकी लावून घेतली, मोबाइलचा दिवा पानाशी आडवा धरला. पेन्सिल गेली होती, पण दाबून लिहिलेलं होतं. अक्षरांच्या खाचा सावलीत उठून आल्या. बऱ्याच ओळी एकमेकींवर चढलेल्या, काही लागेना. सगळ्यात खालचे दोन शब्द मात्र स्वच्छ होते.

तुमी असा.

मी पानाचे आणि चिठ्ठीचे फोटो काढले. घरी येऊन दोन दिवस ते आईला दाखवायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत मेथी निवडत होती, तिथं तिच्यासमोर मोबाइल धरला. आधी चिठ्ठीचा फोटो.

"हे तूच?"

"हो."

"सहा वर्षं?"

"बदली होईपर्यंत."

"का गं?"

"दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं असतं."

"पण खोडलं होतंस ना?"

"खोडलेलं वाचता येतं," आई म्हणाली. "तू वाचलंस की नाही?"

मी दुसरा फोटो दाखवला नाही. तिला गरज नव्हती. मेथीच्या काड्या बाजूला सारत ती ते पाठ म्हटल्यासारखं म्हणाली, त्या बाईच्या बोलीत: "वैनी, शुक्रवारी येते. पिशवी घेऊन येते. मला औंधच्या गाडीत बसवून द्या. एकटीचा धीर न्हाई. तुमी असा."

तो मंगळवार होता, जेव्हा तिला कोनाड्यात ते सापडलं. संध्याकाळी तिने माझ्या वडिलांना सांगितलं. वडील वाईट माणूस नव्हते. मी त्यांच्याविषयी असं लिहिते आहे हे मलाच बोचतं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या घरात आपण पडायचं नाही, उद्या तिचा नवरा आपल्या दारात उभा राहिला तर काय करशील. आईने दोन दिवस काही ठरवलं नाही. शुक्रवार उजाडला.

"आणि?"

"तुला ताप होता."

मेथी निवडणारी तिची बोटं चालू होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "नव्हता. मी तुझ्या वडिलांना सांगितलं, तुला ताप आहे, मी कुठं जात नाही. दिवसभर तुला पांघरुणात घालून ठेवलं. तू खेळायला जाते म्हणून रडत होतीस."

मला आठवत नाही. मी आठवायचा फार प्रयत्न केला आहे. चार वर्षांच्या मुलीला एखादी दुपार आठवण्याचं कारणही नाही. पण आईने हे सांगितल्यापासून कधी दुपारी पडले आणि अंगावर चादर घेतली की श्वास कोंडतो आणि मी उठून बसते.

तिची मैत्रीण जिन्यावर चार वाजेपर्यंत बसून होती. वरच्या बायकांनी पाहिलं, पुढं त्यांनीच आईला सांगितलं. चारनंतर तिचा दीर गल्लीत आला आणि पिशवीसकट घेऊन गेला. त्यानंतर नऊ दिवसांनी स्टोव्ह भडकला. आईने कोनाड्यातलं पुस्तक आधीच घरी आणलं होतं. त्या रात्री तिने ते पान खोडलं. पोलिस गल्लीत येऊन गेले, आजूबाजूला विचारून गेले. आईला कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही.

यानंतर मी काय केलं, तर जिना वाचवायच्या मागे लागले. लिफ्ट मागच्या अंगणात, लोखंडी सांगाड्यात बाहेरून घेता येईल असा नवा नकाशा काढला. तीन आठवडे काम थांबवून ठेवलं. मंडळाचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक, सौम्य गृहस्थ. त्यांनी नकाशा नीट पाहिला आणि म्हणाले, "बाई, अंगणातून लिफ्ट घेतली तर स्वच्छतागृह कुठं? आणि त्या सडक्या जिन्याचं आपण करायचं काय, ते तरी सांगा."  इतिहास आहे, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी विचार करायला वेळ मागितला.

घरी आईला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. इतकी चिडलेली मी तिला क्वचित पाहिली आहे.

"कशासाठी ठेवतेस तो? मला दाखवायला?"

"अगं, तिची आठवण—"

"तिची आठवण तिथं नाही. तिथं ती बसून होती, एवढंच आहे. पाड तो. ती उठू दे तिथून."

मी कार्यवाहांना फोन करून आधीचाच नकाशा कायम करा म्हणून सांगितलं.

जिना पाडायला दोन दिवस लागले. सुताराने पहिली पायरी काढायच्या आधी दाराशी नारळ फोडला, मी कारण विचारलं नाही. पायऱ्या तो वरून खाली काढत आला. कोनाडा असलेली भिंत पडली तेव्हा मी समोर उभी होते. आत काही नव्हतं, विटा आणि चुना. मला काय सापडेल असं वाटत होतं कुणास ठाऊक.

पुढचं काम सरळ झालं. तुळयांची खाल्लेली टोकं कापून नवीन सागवान जोडलं, भिंतीवरचा कुणीतरी मधल्या काळात मारलेला सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुना केला, कौलं धुतली. पुस्तकांचं निम्मं ओझं तळमजल्यावर आणलं. त्यासाठी लोखंडी मांडण्या कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये करवून घेतल्या. अभ्यासिका पहिल्याच आठवड्यात भरली. उद्घाटनाला आई आली नाही, मीही तिला आग्रह केला नाही.

माडीवरचे आवाज पुस्तकं परत आल्यावर थांबले. पण महिनाभरात ग्रंथपाल बाईंचा फोन आला. लिफ्ट दुपारी आपोआप वर जाते, म्हणाल्या. कुणी बटण दाबत नाही. दार उघडतं, आत कुणी नसतं, दार मिटतं. कंपनीचा मेकॅनिक येऊन काहीतरी सेटिंग बदलून गेला. रिकामी असली की लिफ्टने कुठल्या मजल्यावर थांबायचं ते आधी ठरवून दिलेलं असतं, असं त्याने सांगितलं. मला ते पटलं. बाईंना मी तसं सांगितलंही. त्यांनी दुपारच्या वेळी लिफ्टशेजारी खुर्ची टाकून एका मदतनीस बाईंना बसवायला सुरुवात केली आहे. मदतीला म्हणून, म्हणाल्या.

दिवाळीनंतर आई म्हणाली, "तिच्या गावाला जायचंय." गावाचं नाव तिला माहीत होतं. घरात कोण असेल हे माहीत नव्हतं. आम्ही रहिमतपूरवरून गेलो. वाटेत ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी झाली होती. गावात विचारत विचारत पोचलो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली एक साठीची बाई म्हशीला आंबोण देत होती. मैत्रिणीची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरीच राहायला आलेली. आईने तिला बघितलं आणि बोलायच्या आधीच रडायला लागली. मला नंतर म्हणाली, हनुवटी तीच होती.

बहिणीने चटई टाकली, पाणी दिलं. आम्ही कोण ते मी सांगितलं. मग आईने सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. ताप नव्हता हेसुद्धा. बहीण खाली बघत ऐकत होती. आंबोणाने माखलेले हात तिने तसेच पुढे धरले होते, धुवायला उठली नव्हती.

आई थांबल्यावर ती म्हणाली, "आमाला म्हाईत हुतं."

"काय?"

"ती शुक्रवारी येणार हाय, ते. गिरणीतल्या कुणाकडनं तरी सांगावा धाडला हुता तिनं. आय औंधच्या ष्ट्यांडवर जाऊन हुबी ऱ्हायली. मी बी हुते. दोन गाड्या आल्या. अंधार पडाय लागला तवा आमी चालत परत आलो."

"मग दुसऱ्या दिवशी कुणी गेलं नाही?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दादा म्हनला, उद्या जातो. मग म्हनला, बाजार झाल्यावर जातो. आय रोज म्हनायची, जा रं, जा रं. तिचं बी पाय निघंना. तिनं मन बदललं आसंल, आसं आमीच म्हनायचो." ती आईकडे वळली. "तुमी एकल्या न्हाई, वैनी. आमी घरचे हुतो."

आईने तिचा तो माखलेला हात धरला. त्या दोघी तशाच बसल्या. म्हैस आंबोणात तोंड घालून फुरफुरत होती. मला वाटलं होतं, हे ऐकून आईला हलकं वाटेल. तसं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. इतकी वर्षं तिच्या मनात जिन्यावर बसलेली एकच बाई होती; आता औंधच्या स्टँडवर आणखी दोघी उभ्या राहिल्या.

मग बहिणीने विचारलं, "ती वाचायची म्हनता. ती काय वाचायची?"

"गोष्ट. कादंबरी."

"येवढं येत हुतं व्हय तिला? आमच्यात कुनाला ठावंच न्हाई." ती थोडी हसली, तोंडाला पदर लावून, आणि आई चपापून तिच्याकडे बघत राहिली. "काय हुतं त्यात?"

आई सांगू लागली. एक डॉक्टरीणबाई असते, ती घरात कुणाला न सांगता जहाजावर चढते. बेटावर साथ आलेली असते. आई घटना विसरत नव्हती, माणसं विसरत नव्हती. एका जागी मात्र ती थांबली आणि म्हणाली, इथपर्यंत आम्ही दोघींनी वाचलं होतं, याच्या पुढचं मी एकटीने वाचलं.

"फुडचं सांगा की," बहीण म्हणाली.

मी उठून गाडी सावलीत लावायला गेले. परत आले तेव्हा आई अजून सांगत होती आणि बहीण चुलीवर चहाचं आधण ठेवून, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.